आपण दोघी : कवयित्री, कादंबरीकार माया हादरलाप

(दृश्य : डोंगरातली वळणाची वाट, सकाळचं धुकं. गावाच्या वेशीवरची पाटी.)

ऑस्ट्रियाच्या दक्षिण टोकाला, कारावांकेन डोंगरांच्या पायथ्याशी हे गाव आहे. डोंगर ओलांडला की स्लोव्हेनिया. वेशीवरची पाटी नीट बघा. पांढरी, निळ्या काठाची. तिच्यावर एकाखाली एक दोन नावं आहेत. वर जर्मन, बाड आयझेनकापेल. खाली स्लोव्हेन, झेलेझ्ना कापला. आयझेन म्हणजे लोखंड आणि झेलेझ्ना म्हणजेही लोखंडाचीच. लोखंडी प्रार्थनाघराचं गाव. अर्थ एकच, भाषा दोन.

ही खालची ओळ कायमची लागावी म्हणून इथल्या माणसांनी ५६ वर्षं वाट पाहिली. २०११ च्या ऑगस्टमध्ये ती लागली. त्याच उन्हाळ्यात इथल्याच एका खोऱ्यात वाढलेल्या बाईंची कादंबरी ऑस्ट्रियाभर वाचली जात होती. पण ती लिहिलेली होती पाटीवरच्या वरच्या भाषेत, जर्मनमध्ये. ज्या भाषेच्या माणसांची ही कहाणी, त्या भाषेत नव्हे. माया हादरलाप यांच्या सगळ्या लेखनाची कळ मला या एका गोष्टीत सापडते, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

(दृश्य : लेपेनाचं खोरं. उतारावरचं एकटं शेतघर, मागे दाट सूचिपर्णी जंगल.)

माया यांचा जन्म ८ मार्च १९६१ चा. गावापासून आत, लेपेना नावाच्या अरुंद खोऱ्यातल्या शेतकरी घरात त्या वाढल्या. घरात स्लोव्हेन बोलली जायची. सरकारदरबारी आणि बाजारात जर्मन. ऑस्ट्रियाच्या या प्रांताचं नाव केर्न्टन आणि इथले स्लोव्हेन लोक त्यालाच कोरोश्का म्हणतात. शेकडो वर्षं दोन्ही भाषा इथे शेजारी नांदल्या. १९१० च्या जनगणनेत आजच्या केर्न्टनमध्ये स्लोव्हेन बोलणारे ६६ हजारांच्या आसपास होते. २००१ मध्ये ते साडेबारा हजारांवर आले होते. मधल्या नव्वद वर्षांत काय झालं, ते माया यांच्या घरातच दिसतं.

'विस्मृतीचा देवदूत' असं ज्या कादंबरीचं नाव मराठीत सांगता येईल, तिची सुरुवात एका खुणेने होते. आजी हाताने खुणावते, ये माझ्यामागे. नात निघते. दोघी काळ्या स्वयंपाकघरातून कोठीच्या खोलीकडे जातात. काळं म्हणजे खरोखर काळं, वर्षानुवर्षांच्या चुलीच्या धुराने काजळून गेलेलं. आजीच्या कपड्यांना दुधाचा, धुराचा आणि कसल्याशा कडू पाल्याचा वास येतो. नातीला वाटतं, आजी म्हणजे मधमाश्यांची राणी आणि आपण तिच्या पोळ्यातले.

जिची आजी अशी कोठीच्या किल्ल्या कनवटीला लावून घर चालवायची, अशा कुणालाही हे पान परकं वाटणार नाही. आपण निवांत होतो. आता गावाकडच्या गोष्टी येतील, सणवार येतील, असं वाटतं. आणि मग त्याच स्वयंपाकघरात, कामं चालू असताना, आजीच्या बोलण्यात छावणीचा उल्लेख येतो. आवाज न चढवता. शेजारच्या गावाचं नाव घ्यावं तसा.

ती छावणी राव्हेन्सब्र्युकची. बर्लिनच्या उत्तरेला सुमारे ९० किलोमीटरवर नाझींनी खास बायकांसाठी उभारलेली. आजी तिथून जिवंत परत आली होती. कित्येक शेजारणी परतल्या नव्हत्या. आजीने आपल्या आठवणी एका वहीत टिपून ठेवल्या होत्या. नातीच्या कानावर छावणीतली भूक, हजेरी, तिथे गेलेल्या बायकांची नावं परीकथांच्या वयात पडत गेली. या नातीला वारशात काय मिळालं असं विचारलं, तर मी आधी ही वही सांगेन.

(दृश्य : जंगल. झाडांच्या बुंध्यांवरून कॅमेरा सावकाश सरकतो. पायाखाली काटक्या मोडल्याचा आवाज.)

आता वडील. कादंबरीतले हे वडील लाकूडतोडीचं काम करतात, शिकार करतात, मधमाश्या पाळतात. लहर लागली की वाद्य वाजवतात. आणि दारू पितात. काही रात्री घराला त्यांची भीती वाटते, कारण भिंतीवर बंदूक आहे आणि ती कधी खाली येईल याचा नेम नाही. मुलांनी आईबरोबर रात्री घराबाहेर पडायचं, कुठेतरी दडायचं. सकाळी पुन्हा सगळं नेहमीसारखं.

पुष्कळ पानांनंतर कळतं की हा माणूस दहा वर्षांचा असताना पोलीस घरी आले होते. त्याचे वडील, म्हणजे मायाचे आजोबा, नाझींविरुद्ध लढणाऱ्या पार्टिझानांना मिळाले होते. ते कुठे आहेत हे वदवून घेण्यासाठी पोलिसांनी या पोराला दोरीने झाडाला टांगलं. तो बोलला नाही. पुढे कोवळ्या वयातच तोही जंगलात गेला आणि पार्टिझानांची निरोप पोचवण्याची कामं करू लागला.

'जंगलात जाणं' या शब्दांना या खोऱ्यात दोन अर्थ आहेत. एक रोजचा. लाकडं आणायला, अळंबी गोळा करायला, शिकारीला. दुसरा अर्थ लपायला, पळायला, लढायला. हे दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकत मुलगी मोठी होते. झाड दिसलं की ते झाडच आहे की आणखी काही, हा प्रश्न तिच्या पाठीला कायमचा लागतो. निसर्गवर्णनाची हौस भागवायला लेखकांना जंगल आवडतं. हादरलाप यांच्या लेखनात मात्र जंगल साक्षीदार म्हणून उभं राहतं, आणि म्हणूनच ते वाचताना आपण दबक्या पावलांनी चालतो.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

थोडा इतिहास सांगायलाच हवा. ऑक्टोबर १९२० मध्ये या भागात सार्वमत झालं. राहायचं ऑस्ट्रियात की नव्याने झालेल्या युगोस्लाव्ह राज्यात? सुमारे ५९ टक्के मतं ऑस्ट्रियाला पडली आणि त्यांत पुष्कळ स्लोव्हेन भाषकही होते. भाषा आपली, देश ऑस्ट्रिया, असा तो सरळ विश्वास होता. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. एप्रिल १९४२ मध्ये स्लोव्हेन शेतकऱ्यांची कुटुंबंच्या कुटुंबं घरातून उचलून जर्मनीतल्या छावण्यांत पाठवली गेली. त्यानंतर जंगलात जाणाऱ्यांची संख्या वाढली. २९ एप्रिल १९४३ ला याच परिसरातल्या १३ जणांचा व्हिएन्नात शिरच्छेद झाला.

आणि मग पेर्शमान. डोंगरात उंचावर असलेलं हे शेतघर. २५ एप्रिल १९४५, युद्ध संपायला जेमतेम दोन आठवडे. एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेच्या आणि पोलिसांच्या तुकडीतल्या माणसांनी या घरातल्या ११ जणांना मारलं. त्यांत सात मुलं होती. आज तिथे संग्रहालय आहे.

(दृश्य : पेर्शमान घराचं दार. काही क्षण शांतता. निवेदन नाही.)

युद्ध संपल्यावर या माणसांच्या वाट्याला काय यायला हवं होतं? १९४३ च्या मॉस्को जाहीरनाम्यात दोस्त राष्ट्रांनी ऑस्ट्रियाला बजावलं होतं, तुमच्या मुक्तीसाठी तुम्ही स्वतः काय केलंत ते आम्ही बघू. दाखवण्यासारखा सशस्त्र लढा होता तो मुख्यतः या स्लोव्हेन पार्टिझानांचा. पण त्यांच्याच प्रांतात त्यांना देशद्रोही, डाकू म्हटलं गेलं. छावणीतून परतलेली बाई आणि तिला पाठवणाऱ्यांच्या बाजूचा शेजारी एकाच बाजारात भाजी घ्यायचे. कुणी काही बोलायचं नाही. ते न बोलणं घराघरांत मुरलं. मला वाटतं, वडिलांच्या दारूचं मूळ झाडाला टांगण्यात जितकं होतं, तितकंच या न बोलण्यातही होतं. झालेल्या जखमेला कुणी जखमच म्हणत नव्हतं.

१९५५ च्या राष्ट्रीय तहात, सातव्या कलमात, स्लोव्हेन आणि क्रोएट लोकांना भाषेचे हक्क दिले गेले. शाळा, कार्यालयं, आणि गावांच्या दुभाषी पाट्या. कागदावर. पाट्या लावायला १९७२ उजाडलं. २०५ गावांत त्या लावायचं ठरलं होतं. मोटारींचे ताफे घेऊन जमाव निघाले आणि काही आठवड्यांत त्यांनी त्या उखडून टाकल्या. माया तेव्हा ११ वर्षांची होती. आपल्या घरातल्या भाषेतलं गावाचं नाव लोकांना इतकं सलतं की ते रात्री येऊन उपटून नेतात, हे ११ वर्षांच्या मुलीला कळतं. नीट कळतं.

(दृश्य : व्हिएन्ना. विद्यापीठाची इमारत, ट्राम.)

शिक्षणासाठी त्या व्हिएन्नाला गेल्या. नाट्यशास्त्र आणि जर्मन साहित्य हे विषय, पुढे डॉक्टरेट. पण लिहायला लागल्या त्या स्लोव्हेनमध्ये. पहिला कवितासंग्रह १९८३ चा, 'झालिक पेस्मी'. पेस्मी म्हणजे कविता, गाणी. आणि झालिक म्हणजे या डोंगरांतल्या लोककथांमधल्या अद्भुत बायका. त्या गुहांत राहतात आणि शेतकऱ्यांच्या मदतीला येतात. दुसरा संग्रह १९८७ चा, 'बायालित्से'. आपल्याकडे पाणाड्या हातात बेचक्याची काडी धरून शेतात फिरतो आणि पाणी असेल तिथे ती काडी हलते म्हणतात, तीच ही काडी. जमिनीखालचं शोधणारी. २६ वर्षांच्या कवयित्रीने संग्रहाला हे नाव दिलं आणि पुढची सगळी वर्षं तेच काम केलं.

त्याच काळात त्यांनी 'म्लाद्ये' या केर्न्टनमधल्या स्लोव्हेन वाङ्मयीन नियतकालिकाचं संपादन केलं. ते १९६० मध्ये सुरू करणाऱ्यांत फ्लोर्यान लिपुश होते. लिपुशही याच गावाजवळचे. सहा वर्षांचे असताना त्यांच्या आईला पकडून नेलं आणि ती राव्हेन्सब्र्युकमध्येच गेली. लिपुश आयुष्यभर स्लोव्हेनमध्ये लिहीत राहिले. ऑस्ट्रियन लेखक पीटर हांडके यांनी एका सहअनुवादिकेबरोबर त्यांची कादंबरी जर्मनमध्ये आणली, १९८१ मध्ये. २०१८ मध्ये ऑस्ट्रियाचा सर्वोच्च साहित्य सन्मान लिपुश यांना मिळाला. एकाच परिसरातली, एकाच छावणीच्या सावलीतली दोन माणसं. एकाने घरची भाषा सोडली नाही, दुसरीने उंबरा ओलांडला. यातलं कोण बरोबर असं मी विचारणार नाही. दोन्ही वाटा चालायला कठीणच आहेत.

१९९२ ते २००७, पंधरा वर्षं, माया हादरलाप केर्न्टनची राजधानी क्लागेनफुर्टच्या नगर नाट्यगृहात मुख्य नाट्यसल्लागार होत्या. दुसऱ्यांच्या संहिता वाचायच्या, निवडायच्या, तालमींत त्यांचा अर्थ लावायचा. स्वतःचं लेखन या काळात फार थोडं प्रसिद्ध झालं.

(दृश्य : टेबलावर दिवा. कोरा कागद. खिडकीबाहेर बर्फ.)

नोकरी सोडल्यानंतर कादंबरी आली, जर्मनमध्ये. इथे थोडं थांबू या.

स्लोव्हेन ही आजीची भाषा. तिच्यात बाळपणीची गाणी होती, आणि बंदूक भिंतीवरून खाली आल्यावर घरात मारलेल्या हाकाही त्याच भाषेतल्या. त्या भाषेत तो प्रसंग लिहायचा म्हणजे पुन्हा त्या रात्रीत जाऊन उभं राहायचं. जर्मनने अंतर दिलं. त्या अंतरावरून वडिलांकडे बघता आलं. पण माझ्या मते आणखी एक गोष्ट घडली. ज्या भाषेत या माणसांना डाकू ठरवलं गेलं, हुकूम काढले गेले, ज्या भाषेतल्या शेजाऱ्यांनी काही झालंच नाही असं धरून चालवलं, त्याच भाषेत आता ती सगळी हकिगत नावगावासकट नोंदली गेली. आता ती ऐकायची नसेल तर भाषा कळत नाही ही सबब उरली नाही.

या ओलांडण्याची किंमतही मोजावी लागली. ती एका छोट्या शब्दात दिसते. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना द्विवचन आठवत असेल. रामः, रामौ, रामाः. मराठीतून ते केव्हाच गेलं. युरोपातल्या बहुतेक भाषांतूनही गेलं. स्लोव्हेनने मात्र ते आजही रोजच्या बोलण्यात जपलं आहे. 'आम्ही दोघी' यासाठी स्लोव्हेनमध्ये एक वेगळं सर्वनाम आहे, मिदवे. 'आपण दोघी जाऊ' हे तर एका क्रियापदात मावतं, ग्रेवा. दोनच माणसं आहेत, तिसरं कुणी नाही, हे व्याकरणच सांगतं. जर्मनमध्ये फक्त 'वीर'. आम्ही. दोघं असोत की दोन हजार, शब्द तोच.

आता ते पहिलं पान आठवा. काळ्या स्वयंपाकघरातून कोठीकडे निघालेली आजी आणि तिच्या मागे नात. त्यांचं 'आपण दोघी' जर्मनमध्ये 'आम्ही' होतं. मराठीत निदान आपण आणि आम्ही हा फरक करता येतो. जर्मनमध्ये तोही नाही. ही कादंबरी वाचताना त्या साध्या 'वीर'पाशी मी दर वेळी अडखळतो. त्या शब्दामागे एक घर आहे, असं वाटत राहतं.

(दृश्य : क्लागेनफुर्ट. सभागृह, टीव्ही कॅमेरे, टेबलावर पाण्याचा पेला.)

जुलै २०११. कवयित्री इंगेबोर्ग बाखमान यांचा जन्म क्लागेनफुर्टचा, म्हणून त्यांच्या नावाची जर्मन साहित्याची मोठी स्पर्धा इथे भरते. १९७७ पासून. पद्धत अशी की लेखकाने मंचावर बसून आपला अप्रकाशित मजकूर स्वतः वाचायचा आणि परीक्षकांनी तिथल्या तिथे, लेखकासमोर, त्याची चिरफाड करायची. हे सगळं टीव्हीवर थेट दाखवलं जातं. पुष्कळ लेखक तरुण असतात. हादरलाप ५० वर्षांच्या होत्या, आणि ज्या शहरात त्यांनी पंधरा वर्षं नाट्यगृहात काढली त्याच शहरात त्या वाचायला बसल्या. वाचलेला भाग कादंबरीतलाच. लेपेनाचं खोरं, वडील, जंगल. त्यांना बाखमान पुरस्कार मिळाला.

त्याच आठवड्यात व्हिएन्नातल्या संसदेने पाट्यांचा कायदा मंजूर केला. १६४ गावांत दोन्ही भाषांतली नावं लागणार होती. घटना न्यायालयाने २००१ मध्येच स्लोव्हेन लोकांच्या बाजूने निकाल दिला होता, पण प्रांताच्या सरकारने तो दहा वर्षं रखडवला. कादंबरीमुळे कायदा झाला असं नाही. पाट्यांमागे लोकांनी वर्षानुवर्षं केलेली धडपड होती. तरी त्या उन्हाळ्यात पाट्यांच्या बातम्या वाचणाऱ्या कितीतरी ऑस्ट्रियन माणसांच्या हातात ही कादंबरीही होती. हा वाद आकड्यांचा आणि टक्क्यांचा नाही, त्याच्या मुळाशी कुणाची तरी आजी आहे, हे त्यांना तिथे दिसलं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. २०१४ मध्ये जर्मन कवितांचा संग्रह आला, 'लांगर ट्रान्झिट', लांबलेला प्रवास. २०१५ मध्ये कादंबरीचं नाट्यरूप व्हिएन्नाच्या बुर्गथिएटर या नाट्यसंस्थेने रंगमंचावर आणलं. टेस लुईस यांचा इंग्रजी अनुवाद २०१६ चा. आणि १२ नोव्हेंबर २०१८. ऑस्ट्रियन प्रजासत्ताकाला शंभर वर्षं झाली म्हणून व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरागृहात सोहळा होता. राष्ट्रपती, मंत्रिमंडळ, सगळे समोर. मुख्य भाषणासाठी बोलावलं होतं माया हादरलाप यांना. झाडाला टांगलेल्या त्या पोराची मुलगी प्रजासत्ताकाच्या वाढदिवशी बोलायला उभी राहिली. हे वडिलांना दिसायला हवं होतं, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

(दृश्य : गावातलं घर. उघडी कपाटं, बांधाबांध चाललेली.)

दुसऱ्या कादंबरीसाठी बारा वर्षं लागली. २०२३ मध्ये 'नाख्टफ्राउएन' आली, रात्रीच्या बायका. व्हिएन्नात राहणारी मीरा दक्षिण केर्न्टनमध्ये म्हाताऱ्या आईकडे येते, कारण आईला ज्या घरात आयुष्य गेलं ते सोडावं लागणार आहे आणि हे तिला समजवायचं आहे. पहिला भाग लेकीच्या बाजूने, दुसरा आईच्या. इथे युद्ध मागे सरकलं आहे. पुढे आहेत त्या राबणाऱ्या, गप्प राहणाऱ्या, देवाधर्माच्या धाकात वाढलेल्या बायका. पहिल्या कादंबरीइतकं नाट्य यात नाही, पण आई आणि लेक एकाच खोलीत बसून बोलायचं ते बोलत नाहीत, ते प्रसंग मला अधिक हलवतात. घर सोडायच्या वयाला आलेली आई ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हा दुसरा भाग सावकाश वाचावा.

(दृश्य : पुन्हा काळं स्वयंपाकघर. चुलीतला निखारा. दूरवर मधमाश्यांचा आवाज.)

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. २०१२ मध्ये पहिल्या कादंबरीचा स्लोव्हेन अनुवाद निघाला. अनुवाद माया यांनी केला नाही. तो श्तेफान व्हेवार यांनी केला. म्हणजे आजीची गोष्ट आजीच्या भाषेत परत आली ती दुसऱ्याच्या हातून, जर्मनचा डोंगर ओलांडून.

आणि त्या भाषेचं व्याकरण आपलं काम करतं. आजी आणि नात दोघीच असतील, तर स्लोव्हेनमध्ये नुसतं 'आम्ही' म्हणून भागत नाही. द्विवचन वापरावंच लागतं. आजी हाताने खूण करते. नात उठते. ग्रेवा. चल, आपण दोघी जाऊ.

(दृश्य : कोठीच्या खोलीचं दार उघडतं. अंधार. पडदा काळा.)